उलटा पीळ

मिस्त्री खड्ड्यात उतरला तेव्हा चौदा लाख किलोमीटर धावलेल्या ट्रकचे ऑइल प्रेशर का पडते, एवढेच त्याला शोधायचे होते. अर्ध्या तासाने तो वर आला तेव्हा त्याच्या खिशात चार बोटे लांबीची एक तार होती आणि प्रेशरचा त्याला पूर्ण विसर पडला होता.

सकाळी दुखणे साधे वाटले होते. ट्रकचा मालक आणि चालक एकच; सदानकदा दूरच्या फेऱ्यांवर असल्यामुळे त्याला सगळे लांबपल्ला म्हणत. तो केबिनमधून उतरला, टायरला पाठ टेकून उभा राहिला आणि घरातल्या आजाऱ्याविषयी बोलावे तशा हलक्या आवाजात म्हणाला,

“मिस्त्री, काटा बसतोय.”

“कधी?”

“गार असताना झकास. चढावरही ठीक. पण तापली आणि नुसती उभी ठेवली, की काटा हळूहळू मान टाकतो. लाल दिवा तर डोळे मिचकावतो माझ्याकडं.”

“तुझ्याकडं?”

“मग आणखी कुणाकडं? केबिनमध्ये मी एकटाच असतो.”

हे उत्तर मिस्त्रीला रुचले नाही. एकोणीस वर्षांत त्या इंजिनाला त्याच्याखेरीज कुणी हात लावला नव्हता. लांबपल्ला ते चालवत असे, हे खरे. पण शेजाऱ्यांनी दिवसभर खेळवले म्हणून मूल काही शेजाऱ्यांचे होत नाही. त्या इंजिनाला डोळे मिचकावायचेच असतील, तर ते कुणाकडे पाहून, याविषयी मिस्त्रीच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

त्याने तपासणी सुरू केली ती उस्तादांच्या क्रमाने. उस्ताद म्हणजे त्याचे सासरे. धंदा त्यांच्याकडे शिकला, गॅरेज त्यांच्याकडून मिळाले आणि बायकोही त्यांच्याच घरातली. आधी पट्टी, मग बोट, मग कान आणि सगळ्यांत शेवटी पाना, असा त्यांचा दंडक असे. “ज्याचा पाना आधी निघतो, त्याची अक्कल मागाहून निघते,” असे ते म्हणत. मिस्त्रीने ऑइल मोजायची पट्टी ओढून पाहिली. ऑइल पुरेसे होते. थेंब बोटांत चोळून हुंगला. डिझेल मिसळल्याचा वास नव्हता. गाडीतला काटाच खोटे बोलत असेल म्हणून त्याने स्वतःचे गेज लावले. तेही तापल्यावर तसेच खाली आले. मग लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून त्याने डोळे मिटले. बेअरिंगांची खडखड नव्हती. पुष्कळ रस्ते पाहिलेल्या माणसाचा असावा तसा एक थकलेला, समजूतदार श्वास तेवढा ऐकू येत होता.

“काय म्हणतेय?” लांबपल्ल्याने विचारले.

“तुला कशाला? मला सांगतेय ती,” असे म्हणून मिस्त्री खड्ड्यात उतरला आणि त्याने इंजिनाच्या पोटाखालचे ऑइलचे चेंबर सोडवले.

आणि तिथे त्याला ती दिसली.

चेंबरमधले ऑइल पंपाकडे ओढणारी एक नळी असते. तिचे दोन बोल्ट हादऱ्यांनी सैल पडू नयेत म्हणून त्यांच्या डोक्यांतून तार ओवून तिला पीळ देतात. हे काम दर वेळी मिस्त्रीनेच केलेले होते आणि त्याचा पीळ नेहमी उजवीकडे जाई. समोरची तार डावीकडे पिळलेली होती.

तो बराच वेळ पाहत राहिला. पीळ सारखा होता, घट्ट होता, कुठेही घाई नव्हती. तारेचे टोक अलगद आत दुमडलेले होते. पुढे कधी कुणाचे बोट तिथे गेले, तर त्याला टोचू नये म्हणून. ही शेवटची काळजी मिस्त्रीला सर्वांत जास्त लागली. परक्याने आपल्या घरात यावे, बसावे, हे एक वेळ सोसता येते. पण जाताना त्याने चादर झटकून, उशी नीट ठेवून जावे, हे कसे सोसायचे?

“मिस्त्री, सापडलं का काही?” वरून लांबपल्ल्याचे डोके डोकावले.

“सापडलं.”

“काय?”

“काही नाही.”

त्याने पकडीने ती तार कापली आणि पुरावा म्हणून खिशात टाकली. पुढची कामे त्याच्या हातांनी आपापली केली. जाळी धुतली, बोल्टांवरून पाना फिरवला, चेंबर लावले, नवे ऑइल ओतले. मन या कामांना हजर नव्हते. नव्या, गार ऑइलमुळे काटा वर आला; इंजिन तापेपर्यंत थांबायचे मिस्त्रीला सुचले नाही. लांबपल्ला खूश होऊन हॉर्न वाजवत गेला. तो हॉर्न मिस्त्रीला निर्लज्ज वाटला.

त्या दिवसापासून मिस्त्रीचे जेवणातले लक्ष उडाले. तिसऱ्या दिवशी बायकोने ताट पुढे सारत विचारले,

“काय बिनसलंय तुमचं?”

“लोक बदलतात,” तो म्हणाला.

“कोण लोक?”

“ट्रक.”

तिने वाढता वाढता हात थांबवला, त्याच्याकडे पाहिले आणि वाढणे पुरे केले. लग्नाला बावीस वर्षे झाल्यावर माणसे अशी वाक्ये खोदत बसत नाहीत.

संशयाचा पहिला मानकरी अर्थात समोरवाला होता. रस्त्यापलीकडे त्याने वर्षभरापूर्वी काचेच्या दाराचे वर्कशॉप काढले होते. तो इंजिनाला वायर जोडून त्याचे दुखणे पडद्यावर वाचत असे आणि मिस्त्रीला आदराने काका म्हणत असे. या दोन्ही गोष्टी मिस्त्रीला सारख्याच खुपत. तो डावखुरा आहे की नाही, एवढे कळले असते तर प्रश्न मिटला असता. मिस्त्री रस्ता ओलांडून गेला.

“सतराचा पाना आहे का रे?”

“काका, तुमच्याकडं सतराचा पाना नाही?” समोरवाला पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. त्याच्या हातात चहाचा कप होता.

“आहे. पण तो आज जरा… ते असू दे. झेल!” आणि मिस्त्रीने खिशातला एक नट त्याच्या दिशेने उडवला. अचानक आलेली वस्तू माणूस आपल्या खऱ्या हाताने झेलतो, असा त्याचा हिशोब होता.

समोरवाल्याने काहीच झेलले नाही. नट चहात पडला. त्याने शांतपणे चुंबकाची काडी घेतली आणि नट बाहेर काढला. काडी उजव्या हातात होती, पण कप डाव्या हातात होता. पुरावा निर्णायक नव्हता.

“बरं, पाना नेतोय असं लिहून ठेव,” मिस्त्री म्हणाला.

समोरवाल्याने ते संगणकावर लिहिले. दोन्ही हातांनी.

मिस्त्रीचा धीर सुटला. त्याने तार काढून सरळ टेबलावर ठेवली आणि तो म्हणाला, “हे तू केलंस का?”

समोरवाल्याने तार उचलली, दिव्याकडे धरली आणि हळू शीळ घातली. “आई शपथ! काय पीळ आहे काका! टोक बघा कसं आत घेतलंय. एवढी काळजी हल्ली कोण घेतं?”

“तुला येतो असा?”

“मला? आमच्या नव्या इंजिनांत अशी तारच नसते. मी हे फक्त ऐकून होतो.” आणि तो पुढे झुकून म्हणाला, “हा माणूस कोण आहे? मला नाव सांगा. उद्या सकाळी कामावर ठेवतो. माझ्या शेजारची खुर्ची देतो त्याला.”

मिस्त्रीने त्याच्या बोटांतून तार ओढून घेतली. शत्रू हा नव्हे, एवढे कळले. पण मन हलके झाले नाही. ज्याचा आपण मनातल्या मनात गळा दाबत होतो, त्याला दुसऱ्या कुणी खुर्ची देऊ करावी, हे त्याला मुळीच आवडले नाही. शिव्या द्यायच्या तर त्या आपण द्यायच्या, आणि कौतुक करायचे तर तेही आपणच, असे काहीतरी त्याला वाटू लागले.

गॅरेजमध्ये परतल्यावर त्याने दार लोटून घेतले आणि दोन जुने बोल्ट शिकंज्यात धरून डावीकडे पीळ द्यायचा प्रयत्न केला. अकरा तारा झाल्या. एक सैल राहिली, चार तुटल्या, उरलेल्या पाहून ओशाळल्यासारखे झाले. बाराव्या तारेला त्याच्या अंगठ्यातून रक्त आले. ते पुसताना त्याला वाटले, हा माणूस भेटला तर आपण त्याला मारणार नाही. आधी एकदा त्याचे हात पाहू.

आठव्या दिवशी दुपारी लांबपल्ला पुन्हा आला. चेहरा उतरलेला होता.

“मिस्त्री, आता काटा बसत नाही.”

“मग बरंच आहे की.”

“नाचतो. वर जातो, शून्यावर येतो, थरथरतो. आठवड्यापूर्वी बरी होती म्हणायची वेळ आलीय.”

एरवी हे ऐकून मिस्त्रीने पट्टीला हात घातला असता. पण ईर्ष्येने माणसाचे कान आधी जातात. त्याला या लक्षणांत एकच अर्थ ऐकू आला: तो दुसरा पुन्हा येऊन गेला. त्याने हात पुसले, पुन्हा पुसले, मग म्हणाला,

“माझ्याकडं कशाला आलास? ज्यानं तार पिळली, त्याच्याकडं जा.”

लांबपल्ल्याचा रंग उडाला. त्याची नजर नकळत गॅरेजमागच्या घराच्या खिडकीकडे गेली आणि तितक्याच घाईने परत आली. मिस्त्रीला मात्र तो नुसता नजर चुकवताना दिसला.

“तुम्हाला… तुम्हाला कुणी सांगितलं?”

“म्हणजे खरं आहे!”

“खरं आहे. पण नाव नाही सांगणार. शब्द दिलाय मी.”

“किती वेळा?”

“एकदाच हो! देवाशपथ एकदाच. तुम्ही काविळीनं अंथरुणाला खिळला होता, गॅरेज बंद, गाडी भरून उभी. काय करणार होतो मी?”

“वाट बघायची होती.”

“तीन आठवडे?”

“एकोणीस वर्षं मी काय केलं?” मिस्त्री ओरडला. मग त्याने अगदी हळू, नको असलेले उत्तर मागताना माणूस ज्या आवाजात मागतो त्या आवाजात विचारले, “आणि… गाडीला कसं वाटलं?”

लांबपल्ला जमिनीकडे पाहत राहिला. “आता खोटं कशाला बोलू? चढावर एक गिअर वाचतो.”

मिस्त्री स्टुलावर बसला. काविळीतून उठल्यापासून त्या इंजिनाचा आवाज अधिक गोड झाला आहे, हे त्यालाही जाणवले होते. आपलेच जुने काम आता मुरले, असे समजून तो इतके दिवस मनाशी सुखावत होता.

“मिस्त्री, एकदा बघा तरी. चार वाजेपर्यंत गोदामात माल चढतो. मग मला निघायलाच हवं.”

“मला वेळ नाही.”

“मग वाटेत दाखवतो कुणाला तरी.”

“कुणाला तरी!” मिस्त्री उभा राहिला. “दाखव! रस्त्यात जो भेटेल त्याला दाखव! आता काय राहिलंय?”

ट्रक गेला. मिस्त्री बराच वेळ रिकाम्या खड्ड्याकडे पाहत उभा राहिला. मग काही सुचेना म्हणून मागच्या दाराने घरात गेला. अंगणात बायको धुणे वाळत घालत होती. तिच्या हातात मोठी चादर होती, जाड, पाण्याने जड झालेली.

“बरं झालं आलात. हिचं ते टोक धरा जरा. एकटीला आवरत नाही.”

बावीस वर्षांत त्याने चादरीचे टोक कधी धरले नव्हते. आज मनाला कुठेतरी गुंतवायचे होते म्हणून त्याने धरले. दोघे समोरासमोर उभे राहिले आणि पिळू लागले. चादर फिरू लागली. नुसतीच फिरू लागली. थेंबभर पाणी गळेना.

“अहो, जोर लावा.”

“लावतोय.”

चादर दोघांच्या मधोमध दोरीवरच्या उड्यांच्या दोरीसारखी गरगरत राहिली.

“उलटं पिळताय तुम्ही.”

“मी सुलटंच पिळतोय. माणसं पिळतात तसं. उजवीकडं.”

“मग मी उलटं पिळत असेन,” ती सहज म्हणाली. “माझा हातच तसा. लहानपणी शाळेत मारून मारून लिहिणं-जेवणं उजव्या हाताचं केलं, पण जोराचं काम आलं की डावाच पुढं येतो. थांबा, मी फिरवते दुसरीकडं.”

मिस्त्रीच्या हातून टोक सुटले. चादर मातीत पडली.

“अहो! आता परत धुवा!”

त्याने खिशात हात घातला आणि तार पुढे केली. तिने ओले हात पदराला पुसले, तार घेतली, पाहिली. चोरी पकडल्यावर माणसाचा चेहरा जसा होतो, तसा तिचा एक क्षणभर झाला. दुसऱ्या क्षणी तो पार बदलला.

“ही कुठं मिळाली तुम्हाला?”

“कुठं म्हणजे? इंजिनात. आठ दिवसांपूर्वी. तू मला फसवलंस.”

“ते नंतर. ही इथं आहे, तर तिथं काय आहे?”

“कुठं?”

“बोल्टांना! दुसरी तार घातलीत ना?”

कुठेतरी नळ ठिबकत होता. बोल्टांवरून पाना फिरवल्याचे मिस्त्रीला आठवत होते. चेंबर लावल्याचे आठवत होते. मधली जागा कोरी होती.

“काटा नाचतोय म्हणाला,” तो पुटपुटला. “शून्यावर येतो, थरथरतो…”

“नळी सैल झाली. पंप हवा खातोय. गाडी कुठंय?”

“गोदामात. चारला निघतोय.”

पावणेचार झाले होते. तिने आत धावत जाऊन फोन उचलला. “भाऊजी? मी बोलतेय. किल्लीला हात लावू नका. नाही, नाही, वहिनीच बोलतेय! हो, कळलं त्यांना. ते सोडा! इंजिन चालू केलंत तर आज कायमचं बसेल. उतरा आधी खाली!”

स्कूटरवर ती हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन मागे बसली. रस्ताभरात फक्त एकदा, वळणावर, ती म्हणाली, “चौदाचा बॉक्स पाना घेतलाय ना?” आणि तो म्हणाला, “घेतलाय.” हे त्यांच्या भांडणातले पहिले वाक्य होते की समेटातले, हे त्याला ठरवता आले नाही.

गोदामाच्या आवारात माल लादलेला ट्रक उभा होता. लांबपल्ला अपराध्यासारखा लांब जाऊन उभा राहिला. हमालांनी पाहिले, की एक मध्यमवयीन जोडपे स्कूटरवरून उतरले, गोणपाट अंथरले आणि एकमेकांकडे न पाहता ट्रकच्या पोटाखाली सरकले.

कोमट ऑइल डब्यात उतरले. चेंबर सुटले. एक बोल्ट बोटाने फिरत होता. दुसरा चेंबरच्या तळाशी, ऑइलमध्ये शांतपणे पडलेला होता.

“हे तुमचं काम,” ती म्हणाली.

मिस्त्रीने तो बोल्ट उचलून पुसला. पुसायला लागला त्याहून कितीतरी जास्त वेळ पुसत राहिला.

“सांगितलं का नाहीस?”

“काय सांगणार? तुम्ही अंथरुणावर, डोळे हळदीसारखे. त्यात ऐकलं असतंत तर तसेच उठून चेंबर पुन्हा उघडलं असतंत. माझा पीळ सोडून आपला घालायला.”

हे इतके खरे होते, की त्याला राग यायलाही जागा मिळाली नाही.

“नुसती तार घातलीस?”

“पॅकिंग फाटलं होतं नळीचं, ते बदललं. आणि टॅपेट वाजत होते, ते सेट केले. वाजत होते चांगले सहा महिने. तुम्हाला ऐकू येत नव्हते.”

“येत होते.”

“बरं, येत होते.”

“हे कधी शिकलीस तू?”

“तुम्ही बाबांच्या हाताखाली यायच्या आधी. तेव्हा त्यांना पाना मीच द्यायची. मग तुम्ही आलात, आणि बाबा म्हणाले, आता तू घरात जा.” ती हे काही विशेष घडल्यासारखे बोलली नाही, उन्हाने कपडे वाळतात, तसे बोलली. “टोक आत घ्यायला त्यांनीच शिकवलं होतं. तुम्हाला नाही शिकवलं?”

उस्तादांचा हात आपल्यालाच मिळाला, याच एका समजुतीवर त्याने इतकी वर्षे काढली होती. तो हात वाटून दिलेला होता, आणि मोठा वाटा बावीस वर्षे स्वयंपाकघरात होता. त्याला हेवा वाटला. मग आपल्याला हेवा वाटतो आहे तो आपल्याच बायकोचा, हे लक्षात येऊन लाज वाटली. आणि लाज वाटूनही हेवा तसूभर कमी होईना, याचे त्याला खरोखर नवल वाटले.

“अहो, इकडं बोट घाला,” ती म्हणाली. तिचा हात पंपाच्या कडेला चाचपडत होता. “हा दट्ट्या लागतोय का?”

प्रेशर वाजवीपेक्षा वाढले की जादा ऑइल सोडून देणारा एक छोटा दट्ट्या तिथे असतो. मिस्त्रीने बोट लावले. तो मागे जाऊन तसाच राहत होता.

“कचरा अडकलाय,” तो म्हणाला.

“उघडाच राहिलाय. सगळं प्रेशर इथून पळतंय. पहिल्या दिवशी काटा बसत होता तो ह्यामुळं. बेअरिंगं चांगली आहेत तिची.” आणि मग तिने सरळ विचारले, “दिसलं नाही तुम्हाला?”

दिसले असते. तारेपासून दट्ट्यापर्यंतचे अंतर जेमतेम वीतभर होते. पण त्या दिवशी मिस्त्रीला त्या तारेपलीकडे जगात काही दिसले नव्हते.

त्याने दट्ट्या काढून धुतला, तिने बसवला. त्याने बोल्ट आवळले, तिने हिसका देऊन पाहिले. मग तिने नवी तार ओवली आणि पक्कड त्याच्यापुढे धरली.

“घ्या. तुम्हीच पिळा. तुमची गाडी आहे.”

मिस्त्रीने पकडीकडे पाहिले, आपल्या अंगठ्यावरच्या पट्टीकडे पाहिले. “तू पीळ,” तो म्हणाला. “मला बघायचंय.”

तिने पक्कड डाव्या हातात घेतली. मनगट तीन वेळा वळले, टोक आत गेले. एवढेच. इतक्या सहज, की आठ दिवसांचा मत्सर कशावर उभा होता, असा प्रश्न पडावा.

इंजिन चालू झाले तेव्हा साडेपाच वाजले होते. लांबपल्ल्याने ते चांगले तापू दिले आणि केबिनमधून ओरडला, “उभाय! काटा उभाय! हलत नाही जागचा!” हमालांनी उगाचच टाळ्या वाजवल्या. ती तोंडावरचे काळे पुसत होती आणि पुसता पुसता आणखी पसरवत होती. मिस्त्रीने आपला रुमाल पुढे केला.

ट्रक सुखरूप गेला, सुखरूप आला, पुन्हा गेला. महिनाभराने एका दुपारी लांबपल्ला गॅरेजच्या दारात येऊन उभा राहिला. मिस्त्री एका टेम्पोच्या चाकाशी बसला होता. लांबपल्ल्याने आत पाहिले, मिस्त्रीच्या डोक्यावरून पाहिले, मागच्या दाराकडे पाहिले.

“वहिनी आहेत का?”

“मी आहे की,” मिस्त्री म्हणाला.

“हो, हो, तुम्ही आहात ते दिसतंय.” लांबपल्ला अवघडला. माणूस सज्जन होता. कुणाला दुखवणे त्याच्या जिवावर येई. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली आणि शक्य तितक्या मृदू आवाजात म्हणाला, “पण मिस्त्री, बिघाड जरा अवघड आहे.”

मिस्त्रीने पाना खाली ठेवला. काहीतरी झणझणीत बोलायला तोंड उघडले. मग उठला, मागच्या दारापाशी गेला आणि चौकटीला हात टेकून आत हाक मारली,

“अगं, बाहेर ये. तुझं गिऱ्हाईक आलंय.” आणि लगेच, लांबपल्ल्याला ऐकू जाईल अशा बेताने, “आणि आधी पट्टी मी बघणार!”